जुन्या रोड सायकलीचे हब: ओळख, दुरुस्ती आणि जुळणीचा योग्य क्रम

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ गिरगावातल्या आमच्या चाळीत मागच्या चाकाचे हब, म्हणजे तारा जेथून निघतात तो चाकाचा मधला भाग, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. हब कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड, मोठ्या फ्लँजचे (तारा ओवायच्या कडेच्या चकत्यांचे), ३६ भोकांचे आणि आतून जवळजवळ निर्दोष होते. फ्रीव्हील, म्हणजे साखळी ज्यावर फिरते तो मागचा दातेरी भाग, मात्र अजून त्यावरच घट्ट बसलेले होते, तारा सगळ्या कापलेल्या होत्या आणि रिम भंगारात गेली होती. आता फ्रीव्हील सोडवण्यासाठी हब धरायचे कशाने? चाक शाबूत असताना जे काम दोन हातांच्या एका जोरात झाले असते, त्यासाठी दुसरी जुनी रिम शोधून, तारा पुन्हा ओवून तात्पुरते चाक उभे करावे लागले आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

माझ्यासमोर येणाऱ्या जुन्या हबांपैकी गंजाने वाया गेलेली थोडी आणि चुकीच्या क्रमाने हात लावल्यामुळे बिघडलेली जास्त असतात. कोणी मोजमाप न घेता कोन (ॲक्सलवर म्हणजे चाकाच्या आसावर चढणारा, छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) बदलतो, कोणी ॲल्युमिनियमवर ॲसिड ओततो, कोणी चाक फ्रेमबाहेर असतानाच खेळ (ॲक्सलची किंचित ढिलाई) शून्यावर आणून ठेवतो. म्हणून पुढे प्रत्येक टप्पा ज्या क्रमाने करायचा त्याच क्रमाने लिहिला आहे. हे सर्व सुट्या छर्ऱ्यांच्या, कप (हबमधली छर्ऱ्यांची वाटी) आणि कोन असलेल्या आणि फ्रीव्हील आट्यांवर चढणाऱ्या हबांना लागू आहे. बंद बेअरिंगची किंवा आत गिअर असलेली हबे वेगळी असतात आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वतयारी

कोनचे पातळ पाने १३ ते १७ मि.मी. या मापांत जवळ असावेत. नेहमीचा जाड पाना कोनच्या अरुंद कडांवर बसत नाही. त्याने ओढले की कडा गोल होतात आणि पुढे तो कोन कोणत्याच पान्याला दाद देत नाही. याशिवाय व्हर्नियर कॅलिपर, लॉकनटसाठी (कोनला जागेवर जखडणाऱ्या बाहेरच्या नटसाठी) साधे पाने, चिमटा, भिंग, लोहचुंबक आणि आटे मोजायचे पिच गेज लागते. पिच गेजच्या पात्यांत १ मि.मी.चे आणि इंचाला २४ व २६ आट्यांचे, अशी तिन्ही पाती आहेत ना, हे विकत घेतानाच पाहावे. पाने, गेज आणि पोलादी छर्रे यांसाठी मशीद बंदरजवळचा नागदेवी स्ट्रीट सोयीचा आहे. तेथे छर्रे मापाने मागावेत. ‘सायकलचे छर्रे’ म्हटले की काळ्या सायकलीचे कोणतेही छर्रे हातात पडतात.

कामाची जागा म्हणजे एक मोठी परात आणि तिच्यात अंथरलेले जुने पांढरे धोतर. चाळीच्या गॅलरीत सुटलेला छर्रा कठड्याखालून थेट खालच्या मजल्यावर जातो आणि पुन्हा सापडत नाही, म्हणून ही परात अनावश्यक समजू नये. झाकणाच्या चार डब्या घ्याव्यात आणि त्यांवर पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे, मागचे उजवे असे लिहून ठेवावे.

धुण्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन पुरते.

सावधान: पेट्रोल वापरू नये. एका खोलीच्या घरात, जेथे स्वयंपाकाचा गॅस आणि देवापुढची समई दोन्ही जवळच असतात, तेथे पेट्रोलची वाफ जिवावर बेतू शकते. वापरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बाटलीत भरून ठेवावे, गाळ खाली बसला की वरचे पुन्हा वापरता येते.

१. काहीही सोडण्याआधी ओळख पटवणे

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो आणि याच टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. हब उघडल्यावर सुटे भाग इकडेतिकडे होतात; तोपर्यंत ते जसे आहे तसे एक पुरावा असते.

प्रथम चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. विशेषतः तारांची वीण, वॉशरांचा क्रम आणि कोणत्या बाजूला किती ॲक्सल बाहेर आहे, हे स्पष्ट दिसले पाहिजे. मग ओल्या फडक्याने हबची नळी आणि लॉकनटचे तोंड पुसून अक्षरे वाचावीत. कॅम्पाग्नोलो, नॉर्मंडी, मायार, शिमानो, सनटूर, सॅनशिन, झ्यूस अशी नावे बहुधा नळीवर किंवा फ्लँजवर कोरलेली असतात. घासून पुसट झालेली अक्षरे विजेरी आडवी धरून, तिरप्या उजेडात वाचली तर उमटतात.

नाव मिळाले म्हणजे ओळख झाली असे नव्हे. एकाच कारखान्याची महाग आणि स्वस्त हबे दुरून सारखीच दिसतात. कॅम्पाग्नोलोचे उदाहरण घेऊ. रेकॉर्ड हबच्या नळीच्या मध्यावर तेलाचे भोक असते आणि त्यावर पोलादी पट्टीची गोल क्लिप असते. त्यांच्याच स्वस्त नुओव्हो टिपोला हे भोक नसते. मोठ्या फ्लँजच्या जोडीत रेकॉर्डच्या फ्लँजमधली मोठी छिद्रे लांबट असतात, तर नुओव्हो टिपोची गोल. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर टिपोचा भाव रेकॉर्डचा म्हणून सांगितला गेला, तर एवढे दोन मुद्दे पाहून खात्री करता येते.

सालाची खूणही पाहावी. अनेक कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड हबांच्या लॉकनटवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. शिमानोच्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो: पहिले अक्षर सालाचे, त्यात ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७ असे पुढे, आणि दुसरे महिन्याचे, त्यात ‘ए’ म्हणजे जानेवारी आणि ‘एल’ म्हणजे डिसेंबर. ‘जीडी’ असेल तर एप्रिल १९८२. परंतु लॉकनट आणि ॲक्सल हे बदलले जाणारे भाग आहेत. त्यांवरचे साल हबचेच असेल असे गृहीत धरू नये; नळीचा प्रकार, फ्लँज आणि रुंदी यांच्याशी ते जुळते का, हे पाहावे.

आता मोजमाप. एका लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचे अंतर व्हर्नियरने घ्यावे. ॲक्सलची टोके यात धरू नयेत. पुढचे हब बहुधा १०० मि.मी. भरते, जुनी ब्रिटिश हबे यापेक्षा अरुंदही असतात. मागचे १२० मि.मी. असेल तर ते पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या काळातले, १२६ असेल तर सहा किंवा सात चकत्यांच्या, आणि १३० असेल तर त्यानंतरचे. मधला एखादा आकडा आला, तर कोणीतरी वॉशर घातले किंवा काढले आहेत असे समजावे.

भोके मोजताना एका फ्लँजची मोजून दुप्पट करावीत. ३६ भोके सर्वांत सामान्य आहेत. पुढे ३२ आणि मागे ४० अशी जोडी आली तर ती जुन्या ब्रिटिश पद्धतीची असते. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तीच पद्धत चालू ठेवल्यामुळे त्या भोकांच्या रिमा आपल्याकडे मिळतात, पण त्या रोड सायकलीच्या मापाच्या नसतात, हे लक्षात ठेवावे.

शेवटी चुंबक लावून पाहावे. नळीला चिकटला आणि फ्लँजला चिकटला नाही, तर ते पोलादी नळीवर ॲल्युमिनियमचे फ्लँज दाबून बसवलेले हब आहे. अशा हबचे फ्लँज नळीवर सैल झालेले नाहीत ना, हे दोन्ही फ्लँज हातांनी उलटसुलट पिळून तपासावे.

तपासणी: पुढे जाण्याआधी वहीत नाव, रुंदी, भोके, दोन्ही बाजूंना बाहेर असलेली ॲक्सलची लांबी आणि वॉशरांचा क्रम लिहिलेला असला पाहिजे.

२. हब वाचवण्यासारखे आहे का

फ्लँजवर तारांच्या भोकांमधली जागा भिंगाखाली पाहावी. भोकापासून कडेकडे किंवा एका भोकापासून दुसऱ्या भोकाकडे केसासारखी रेघ दिसली, तर त्या हबवर पुन्हा चाक बांधू नये. ते कपाटात ठेवावे, त्याचे ॲक्सल आणि कोन दुसऱ्या हबला वापरावेत. वेल्डिंग करून घेण्याच्या फंदात पडू नये. अशी चीर कधीकधी साचलेल्या मळात लपते, म्हणून संशय असल्यास तेवढी जागा आधी धुऊन घ्यावी.

३. फ्रीव्हील काढणे: तारांना हात लावण्याआधी

फ्रीव्हीलच्या तोंडात पाहावे. आत खाचा असतील किंवा उभे दाते असतील. सनटूरला दोन किंवा चार खाचा, शिमानोला बारा दाते, मायार आणि ॲटमला वीस दाते, आणि रेजिनाच्या जुन्या फ्रीव्हीलला दोन खाचा असे साधारण प्रकार आहेत. नेमका तोच रिमूव्हर (फ्रीव्हील सोडवायचे हत्यार) मिळवावा. जवळपास बसणाऱ्या रिमूव्हरने किंवा छिन्नी लावून हातोडीने ठोकून खाच एकदा फुटली, की सरळ मार्ग कायमचा बंद होतो. रिमूव्हर खाचांत पूर्ण बसण्यासाठी त्या बाजूचा लॉकनट आणि वॉशर कधीकधी आधी काढावे लागतात.

रिमूव्हर बसला की क्विक रिलीजची सळई (पोकळ ॲक्सलमधून जाऊन तरफेने चाक फ्रेमला आवळणारी), स्प्रिंगा काढून, हबमधून ओवावी आणि तिच्या नटने रिमूव्हर फ्रीव्हीलवर बोटांनी घट्ट धरून ठेवावा. हे न करता जोर लावल्यास रिमूव्हर निसटतो आणि दोन्ही खाचा एकदमच कापतो. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडून, चाक आडवे वर ठेवून, रिम समोरासमोर दोन्ही हातांनी धरावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी. व्हाइस नसेल तर मोठा पाना आणि त्यावर लांब नळी. फ्रीव्हील अर्धा फेरा सुटताच थांबावे, सळई सैल करावी आणि मगच पुढे फिरवावे; अन्यथा सळई ताणून तुटते.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी फ्रीव्हील आणि ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी गंज सोडवणारे तेल हबच्या मागच्या बाजूने सोडून चाक आडवे ठेवावे, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच करावे आणि मग प्रयत्न करावा. घाईने फक्त खाचा फुटतात.

सावधान: फ्रीव्हीलवर ज्योत धरू नये. आगीने सर्व काही सैल होते अशी समजूत आहे, पण येथे ॲल्युमिनियम आत आणि पोलाद बाहेर असते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे सगळे सांधे एकत्र तापले की पकड वाढते.

खाचा आधीच फुटलेल्या असतील, तर फ्रीव्हीलचा बळी द्यावा लागतो. त्याच्या तोंडावरची चकती उलट्या आट्यांची असते, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने सुटते. ती ठोकून काढली की दातेरी चकत्यांचे बाहेरचे अंग वेगळे होते, मोहरीपेक्षा जरा मोठे छर्रे परातीत सांडतात आणि उरलेले आतले अंग व्हाइसमध्ये घट्ट पकडून चाक फिरवता येते. जुने रेजिना फ्रीव्हील हबइतकेच मौल्यवान असू शकते, म्हणून हा उपाय अगदी शेवटी करावा.

४. आटे कोणत्या देशाचे आहेत

फ्रीव्हील निघाले की आटे टर्पेंटाइन आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करावेत. आता पिच गेज घ्यावे. ब्रिटिश आटे १.३७० इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात. इटालियन ३५ मि.मी. आणि तेही इंचाला २४. फ्रेंच ३४.७ मि.मी. आणि एका आट्याचे अंतर १ मि.मी. इंचाला २४ आट्यांचे अंतर १.०५८ मि.मी. पडते. व्यासातला फरक इतका थोडा आहे की झिजलेल्या आट्यांवर व्हर्नियर फसवतो; निर्णय पिच गेजवरच करावा. गेजचे पाते आट्यांत टेकवून पाठीमागे उजेड धरावा. योग्य पात्याखाली उजेड मुळीच दिसत नाही, चुकीच्या पात्याखाली तो एका टोकाला वाढत जातो.

ब्रिटिश आणि इटालियन यांची अदलाबदल एखाद्या वेळी चालते, पण ॲल्युमिनियमचे आटे त्याने झिजतात, म्हणून एक हब एकाच प्रकारच्या फ्रीव्हीलला कायम करावे. फ्रेंच हबवर ब्रिटिश फ्रीव्हील कधीही चढवू नये. दोन फेरे ते बिनतक्रार चढते आणि नंतर आटे खाते. हब फ्रान्समध्ये बनले म्हणून आटे फ्रेंच असतीलच असेही नाही. परदेशी पाठवलेल्या पुष्कळ फ्रेंच हबांना ब्रिटिश आटे आहेत आणि काहींवर तसे कोरलेलेही असते.

तपासणी: योग्य फ्रीव्हील ग्रीस लावून नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत चढले पाहिजे.

५. तारा सोडणे, गरज असेल तरच

रिम सरळ असेल आणि तारा चांगल्या असतील, तर चाक मोडू नये. हब चाकात असतानाही उघडता, धुता आणि बसवता येते. फक्त फ्लँजवर तितकी चकाकी येत नाही. नुसत्या चकाकीसाठी चांगले बांधलेले चाक मोडणे मला पटत नाही.

चाक मोडायचेच असेल, तर सर्व निपल (रिममधले तारा ताणणारे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा असे दोन-तीन वेळा गोल फिरत सैल करावेत. ताणलेल्या तारा एका बाजूने कापत गेल्यास जुन्या फ्लँजवर एकांगी ओढ येते. तारा निघाल्यावर फ्लँजवर त्यांच्या कोपरांचे वण दिसतील. नव्या तारा त्याच वणांत, त्याच दिशेने बसवाव्यात. उलट दिशेने वीण केल्यास जुन्या वणावर नवा वण पडतो आणि चीर तेथूनच सुरू होते. टप्पा १ मध्ये काढलेली छायाचित्रे याच कामी येतात.

६. हब उघडणे

डाव्या बाजूने सुरुवात करावी. उजव्या बाजूचे कोन आणि लॉकनट एकमेकांवर घट्ट बांधलेले राहू द्यावेत, म्हणजे परत बसवताना ॲक्सलची मूळ जागा सापडते. डावा कोन पातळ पान्याने धरून लॉकनट सोडावा, मग वॉशर, मग कोन. हब परातीवर धरून ॲक्सल उजवीकडून सावकाश ओढून घ्यावे. छर्रे पडतील, ते बाजूनुसार डब्यांत टाकून मोजावेत.

मागच्या हबात बहुतेक वेळा प्रत्येक बाजूला ६.३५ मि.मी.चे ९ छर्रे असतात. पुढच्यात ४.७६ मि.मी.चे १० हा सामान्य हिशेब, पण कॅम्पाग्नोलो रेकॉर्डच्या पुढच्या हबात ५.५६ मि.मी.चे ९ असतात. मोजणीत एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ९ आले, तर आधीच्या हातांनी चूक केली आहे असे समजावे आणि डोळे मिटून तेवढेच परत भरू नयेत.

सावधान: कपावरचे पातळ धूळझाकण पेचकसने एका जागी उचकटू नये. ते वाकते आणि नंतर कोनला घासत राहते. कप झाकणासकट साफ होत असेल तर ते काढूच नये. काढायचेच असेल तर लाकडी पट्टीने, आतून, गोल फिरत, थोडे थोडे उचलावे.

७. स्वच्छता

वाळलेले ग्रीस मेणासारखे झालेले असते. तासभर टर्पेंटाइनमध्ये भिजवले की ब्रशने निघते. नंतर भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी, स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडे फडके. पावसाळ्यात धुतलेले पोलादी भाग रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी त्यांवर तांबूस थर असतो, म्हणून कोरडे करताच त्यांवर तेलाचा हात फिरवावा.

ॲल्युमिनियमवर काय लावू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. कॉस्टिक सोडा आणि संडास धुण्याचे ॲसिड ही दोन्ही ॲल्युमिनियम खातात. घरातली तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून हबही चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवणारे मला भेटले आहेत. पृष्ठभाग त्याने करडा आणि खरखरीत होतो. ॲनोडाइज केलेले हब, म्हणजे ज्यावर दुधी, एकसारखा, किंचित मंद थर असतो ते, पॉलिश पेपरने घासू नये. तो थरच त्याचे समुद्राच्या हवेपासून रक्षण करतो. ॲनोडाइज नसलेल्या हबला धातूचे पॉलिश आणि मऊ सुती कापड पुरेसे आहे. नळीवरच्या कोरीव अक्षरांवर बोट अडखळते तोपर्यंतच घासावे, कारण अक्षरे गेली की हबची ओळखही जाते.

८. तपासणी आणि सुटे भाग

येथे हळू चालावे. कोन उजेडात धरून त्यावरची छर्ऱ्यांची वाट पाहावी. चांगल्या कोनवर ती गुळगुळीत, चमकदार, सारख्या रुंदीची रेघ असते. मग बॉलपेनचे टोक त्या वाटेवरून अगदी हलक्या हाताने गोल फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा खळगाही पेनच्या टोकाला लागतो: फिरता फिरता ते एकदम अडखळते आणि बोटाला टिचकी बसल्यासारखे जाणवते. हीच परीक्षा कपांवर करावी. कप दुरुस्त करण्यापेक्षा कोन बदलणे फार सोपे असते, म्हणून कप निर्दोष असणे ही मोठी कमाई आहे. कप बदलावेच लागले तर ज्योतीचा नियम उलटा होतो: तेथे पोलाद आत आणि ॲल्युमिनियम बाहेर असल्याने गरम केल्यावर पकड सैल होते. तरीही हे काम अनुभवी हाताकडेच द्यावे.

ॲक्सल स्वयंपाकघराच्या कडाप्प्याच्या ओट्यावर, धुऊन कोरडा केलेल्या जागी, हळू लोटावे. सरळ ॲक्सल एका लयीत घरंगळते. वाकलेले उचंबळते आणि त्याच्याखाली उजेडाची फट उघडमीट करते. मागचे ॲक्सल बहुधा उजव्या कोनाजवळ वाकते किंवा तुटते, कारण फ्रीव्हीलमुळे त्या बाजूला आधारापासूनचे अंतर जास्त असते. वाकलेले ॲक्सल ठोकून सरळ करू नये.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. कॅम्पाग्नोलोचे पुढचे ॲक्सल ९ मि.मी. आणि मागचे १० मि.मी., दोन्हींना इंचाला २६ आटे. जपानी आणि फ्रेंच ॲक्सलही ९ आणि १० मि.मी.च, पण त्यांच्या आट्याचे अंतर १ मि.मी. इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मि.मी. एवढ्या सूक्ष्म फरकामुळे जपानी कोन इटालियन ॲक्सलवर तीन-चार फेरे सुखाने चढतो आणि मग जड होतो. जड झालेला पाहून पाना लावणाऱ्याने दोन्हींचे आटे कापलेले असतात. ब्रिटिश ॲक्सल आणखी वेगळे: पुढे ५/१६ इंच, मागे ३/८ इंच, इंचाला २६. म्हणून कोन शोधायला जाताना ॲक्सल, जुना कोन आणि धूळझाकणाचा आतला व्यास ही तिन्ही बरोबर न्यावीत. मूळ कोन मिळतच नसेल, तर ॲक्सल, दोन्ही कोन आणि लॉकनट असा पूर्ण संच दुसऱ्या प्रकारचा घालता येतो. फक्त नव्या कोनचा वक्र कपाला आणि झाकणाला जुळला पाहिजे.

लेथवर नवा कोन कातून घेण्याचा मोह मुंबईत होतोच, कारण कुर्ला-साकीनाक्यात असे कारागीर आहेत आणि त्यांचे कातकाम सुरेख असते. परंतु कोनचे पृष्ठ कडक केलेले आणि त्यानंतर घासलेले असावे लागते. नुसता कातलेला मऊ पोलादाचा कोन थोड्याच दिवसांत खळग्यांनी भरतो आणि त्याचा चुरा चांगल्या कपांत फिरतो. कारागिराला पृष्ठभाग कडक करून घासून देता येत असेल तरच काम द्यावे.

छर्रे मात्र नेहमी नवे घालावेत, दोन्ही बाजूंचे, एकाच पुडीतले. त्यांची किंमत नगण्य आहे.

९. ग्रीस आणि जुळणी

कपात ग्रीसची गादी भरावी, छर्रे चिमट्याने एक एक टेकवावेत आणि ठरलेली संख्या झाली की थांबावे. शेवटी अर्ध्या छर्ऱ्याएवढी फट उरते. ती भरण्यासाठी जास्तीचा छर्रा कोंबू नये, नाहीतर छर्रे एकमेकांना घासतात. ग्रीस पाण्याला टिकणारे निवडावे. बोटींसाठी मिळणारे ग्रीस आपल्या पावसाळ्यात उत्तम ठरते. रेकॉर्डच्या तेलाच्या भोकातून, आत ग्रीस असताना, तेल सोडू नये. त्याने ग्रीस पातळ होऊन बाहेर झिरपते. क्लिप भोकावर येईल अशी फिरवून ठेवावी.

उजवी बाजू जशीच्या तशी बांधलेली ॲक्सल आत घालावी. क्विक रिलीजच्या ॲक्सलचे टोक प्रत्येक बाजूला लॉकनटच्या बाहेर साधारण ५ मि.मी. असावे. ते ड्रॉपआउटच्या (फ्रेमच्या, ॲक्सल बसते त्या खाचेच्या) जाडीपेक्षा जास्त बाहेर आले, तर सळई कितीही आवळली तरी चाक धरले जात नाही. डावा कोन बोटांनी टेकेपर्यंत, मग जिभेचा वॉशर, मग लॉकनट. वॉशरची जीभ ॲक्सलच्या खाचेत बसलेली आणि शाबूत असावी. ती झिजली असेल तर लॉकनट आवळताना कोनही बरोबर फिरतो आणि माणूस तासभर कारण शोधत बसतो.

१०. खेळ बसवणे

क्विक रिलीजचे पोकळ ॲक्सल सळई आवळली की किंचित दबते आणि दोन्ही कोन एकमेकांकडे सरकतात. म्हणून चाक बाहेर असताना ॲक्सल धरून हलवल्यास अगदी थोडा खेळ जाणवला पाहिजे. बाहेरच तो शून्यावर आणला, तर सायकलीत बसवल्यावर छर्रे चिरडले जातात आणि नवे कोन एका मोसमात खड्ड्यांनी भरतात. नटांच्या भरीव ॲक्सलला हा नियम नाही. तेथे खेळ बाहेरच संपवावा.

डावा कोन टेकवून साधारण अष्टमांश फेरा मागे घ्यावा, पातळ पान्याने स्थिर धरावा आणि लॉकनट पक्का करावा. लॉकनट आवळताना कोन थोडा पुढे ढकलला जातो, म्हणून पहिल्याच प्रयत्नात हे जमले नाही तर नवल नाही. मला सहसा तीन-चार वेळा सोडबांध करावी लागते.

पुढची परीक्षा सायकलीतच घ्यावी. सळई नेहमीच्या जोराने बंद करून रिम ब्रेकच्या गुटक्यांजवळ धरावी आणि आडवी हलवावी. ठक असे सूक्ष्मही जाणवले, तर कोन फेऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा आत घ्यावा. सळई अर्धी उघडल्यावर खेळ परत जाणवला आणि बंद करताच गेला, तर बसवणी बरोबर आहे. मग चाक जमिनीपासून उचलून हलकेच सोडावे. व्हॉल्व्हच्या किंवा जोडाच्या वजनाने ते झोके घेत, मागेपुढे होत, हळूहळू थांबले पाहिजे. एकाच जागी दरवेळी थबकत असेल तर ॲक्सल वाकलेले आहे किंवा एखादा खळगा नजरेतून सुटला आहे. खेळ कमीजास्त करून हा दोष जात नाही. टप्पा ८ कडे परत जावे.

फ्रीव्हीलच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावून ते हातानेच चढवावे. घट्ट ते पुढच्या पहिल्याच चढावर आपोआप बसते.

पहिल्या दोन-तीन तासांच्या फेरीनंतर खेळ पुन्हा पाहावा, कारण नवे छर्रे आपली वाट धरतात आणि किंचित ढिलाई येते. जून ते सप्टेंबर या काळात गुडघाभर पाण्यातून सायकल न्यावी लागली, तर त्याच आठवड्यात हब उघडावे. आतले ग्रीस ताकासारखे पांढुरके झालेले दिसले, की पाणी आत गेलेले आहे. ते सगळे काढून, धुऊन, नवे भरावे.